तारीख नसलेला अपघात : ‘डार्क वॉटर्स’ चित्रपटाच्या निमित्ताने

विज्ञानाच्या मासिकात चित्रपटाचे परीक्षण सहसा येत नाही. ‘डार्क वॉटर्स’ या अमेरिकी चित्रपटाचा (२०१९, दिग्दर्शक टॉड हेन्स) आम्ही अपवाद करतो आहोत, कारण त्याच्या मध्यभागी एक रेणू आहे आणि त्या रेणूने केलेल्या हानीचा जाब कायद्याने कसा विचारायचा, हा प्रश्न आहे. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना तो जरूर दाखवावा. मात्र नुसता दाखवून सोडून दिला, तर विद्यार्थी एक चुकीची समजूत घेऊन वर्गाबाहेर पडतील : धाडसी वकील भेटला आणि कंपनीच्या कपाटातली कागदपत्रे हाती लागली, की न्याय मिळतो. प्रत्यक्षात पार्कर्सबर्गच्या लोकांना न्याय मिळाला तो मोजमापामुळे, आणि तोच भाग चित्रपटाने घाईने उरकला आहे. आपल्याकडे नेमका हाच भाग कच्चा असल्याने त्याची चर्चा येथे थोडी विस्ताराने करू.

कथा आणि रेणू

कथा सत्य घटनांवर आधारलेली आहे. नॅथॅनिएल रिच यांनी २०१६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये लिहिलेला लेख तिचा आधार. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्गजवळ ड्युपॉन्ट कंपनीचा टेफ्लॉन बनवण्याचा कारखाना होता. जवळच्या विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मरू लागल्या. १९९८ साली तो रॉबर्ट बिलॉट या वकिलाकडे गेला. हा वकील तोवर रासायनिक कंपन्यांचीच बाजू मांडत असे. न्यायालयाच्या आदेशाने कंपनीने १ लाख १० हजार पाने धाडली. ती चाळताना बिलॉटला ‘पीएफओए’ हे नाव सापडले. कंपनीत त्याला सी-८ म्हणत.

टेफ्लॉन म्हणजे सी-८ नव्हे, हे वर्गात आधीच स्पष्ट करावे. टेफ्लॉन तयार करताना मदतनीस म्हणून सी-८ वापरत, आणि उरलेले नदीत, हवेत व कचऱ्याच्या खड्ड्यांत जाई. चित्रपटातला नायक घाबरून घरातले तवे तपासतो. प्रेक्षकाच्या मनात तेच दृश्य राहते आणि तो घरी जाऊन आपला तवा पाहतो. पार्कर्सबर्गच्या लोकांच्या शरीरात हे रसायन मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून गेले होते. भीतीचा रोख नळाऐवजी तव्याकडे वळणे, ही या चित्रपटातली शास्त्रीयदृष्ट्या पहिली उणीव.

सी-८ मध्ये आठ कार्बन अणूंची साखळी असते. साखळीच्या एका टोकाला आम्लगट असतो. बाकीच्या सात कार्बनांभोवती हायड्रोजनऐवजी फ्लोरीनचे अणू असतात. कार्बन-फ्लोरीन हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंध. ऊन, पाणी, जिवाणू, आपले यकृत, यांपैकी कोणालाच तो सहज तोडता येत नाही. अशा हजारो संयुगांच्या कुळाला पीएफएएस म्हणतात. चित्रपटात हे एका प्रसंगात सांगून होते आणि तेही दचकवण्याच्या सुरात. पण ज्या गुणामुळे हा पदार्थ उद्योगाला हवासा वाटला, त्याच गुणामुळे तो धोकादायक ठरला. न चिकटणे, न जळणे, न विरघळणे असे जे गुण आपण विकत घेतो, त्यांची किंमत ‘नष्ट न होणे’ या एका गुणाने मोजावी लागते. हे सांगायला शिक्षकाची गरज आहे. चित्रपट ते सांगत नाही.

चित्रपटाने काय साधले

चित्रपटाची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा संथपणा. एक माणूस जमिनीवर बसून खोकी उघडतो, पाने तारखेनुसार लावतो, चिठ्ठ्या चिकटवतो, आणि यात महिने जातात. संशोधनही असेच चालते. पडद्यावर अधूनमधून नुसते वर्ष उमटते आणि दरम्यान कितीतरी ऋतू निघून गेल्याचे कळते. मार्क रफालोने बिलॉट अवघडलेला, कमी बोलणारा असा उभा केला आहे. बिल कँपचा टेनंट त्याहूनही सरस.

टेनंटकडे विद्यार्थ्यांचे लक्ष आवर्जून वेधावे. ओढ्याचा फेस आणि गाईंची दशा त्याने स्वतः व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली. मेलेली जनावरे फाडून आतील अवयव पाहिले. पशुवैद्य आणि सरकारी अधिकारी दाद देत नाहीत म्हटल्यावर त्याने स्वतःची नोंदवही सुरू केली, असेच म्हणावे लागेल. या प्रकरणातला पहिला निरीक्षक तो आहे. पण वकील कामाला लागल्यावर चित्रपट टेनंटला बाजूला सारतो आणि तो केवळ दयेचा विषय उरतो. २००९ साली तो वारला. पुढची मोठी भरपाई पाहायला तो नव्हता.

कागदपत्रांतून जे बाहेर आले ते चित्रपटात ठसठशीत आहे. प्राण्यांवर होणारे परिणाम कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९६१ पासून दिसत होते. १९८४ साली कंपनीने आसपासच्या गावांतले नळाचे पाणी गुपचूप तपासले आणि त्यात सी-८ आढळले. १९९१ साली पाण्यासाठी अब्जात एक भाग ही मर्यादा कंपनीने स्वतःपुरती ठरवली, आणि एका पाणीपुरवठ्यात तिच्या तिप्पट प्रमाण आढळले. प्रेक्षकाला यात लबाडी दिसते, आणि ती होतीच. आम्हांला आणखी एक गोष्ट दिसते. चाळीस वर्षे मोजमाप फक्त एकाच पक्षाकडे होते. गावाकडे एकही आकडा नव्हता.

सात वर्षे आणि तीन शास्त्रज्ञ

२००४ साली सामूहिक दाव्यात तडजोड झाली. तडजोडीच्या रकमेतले सुमारे ७ कोटी डॉलर एका आरोग्य पाहणीसाठी वापरायचे ठरले. प्रत्येक सहभागी व्यक्तीला ४०० डॉलर मिळणार होते. तिने रक्त द्यायचे आणि आपल्या प्रकृतीची माहिती भरून द्यायची. २००५-०६ मध्ये सुमारे ६९,००० लोक रांगेत उभे राहिले. टोनी फ्लेचर, डेव्हिड सॅव्हिट्झ आणि काइल स्टीनलंड या तीन साथरोगशास्त्रज्ञांचे मंडळ नेमले गेले. अट अशी की, मंडळाला एखाद्या रोगाशी सी-८ चा ‘संभाव्य संबंध’ आढळला, तर ‘या रसायनाने हा रोग होऊ शकतो का’ हा वाद कंपनी त्या दावेदारांपुरता पुन्हा घालणार नाही.

मंडळाने पन्नासहून अधिक विकारांची छाननी केली आणि २०११-१२ मध्ये निष्कर्ष दिले. सहा विकारांशी संबंध आढळला : मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब. बाकीच्या विकारांबाबत तसा संबंध आढळला नाही, हेही मंडळाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. त्यानंतर साडेतीन हजारांवर दावे उभे राहिले. २०१५ साली मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीला ज्यूरीने १६ लाख डॉलर दिले. २०१७ साली उरलेले दावे मिळून सुमारे ६७ कोटी डॉलरवर मिटले. पीएफओए हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ च्या अखेरीस जाहीर केले.

चित्रपटात ही सात वर्षे म्हणजे नायकाच्या घरची ओढाताण, कमी झालेला पगार आणि खालावलेली प्रकृती. शास्त्रज्ञ काय करत आहेत, त्यांना इतका वेळ का लागतो, हे प्रेक्षकाला कळत नाही. विज्ञान म्हणजे दाराबाहेर ताटकळायला लावणारे कार्यालय, असा ग्रह होतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून या ठिकाणी चित्रपट थांबवावा आणि पुढचा हिशेब फळ्यावर मांडावा.

पंधरा रोग्यांचा हिशेब

समजा, एक लाख लोकांच्या एखाद्या गटात विशिष्ट रोग एरवी दहा जणांना होतो. दूषित पाणी पिणाऱ्या तेवढ्याच लोकांत तो पंधरा जणांना झाला. म्हणजे पाच जण रसायनामुळे आजारी पडले. पण हे पाच कोणते? रोग्याच्या पेशीवर कारखान्याचे नाव लिहिलेले नसते. पंधरांपैकी कोणताही एक घेतला, तर त्याचा रोग रसायनामुळे झाला असण्याची शक्यता तीनात एक.

दिवाणी न्यायालय प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारते : तुझा रोग या कारणाने झाला असण्याची शक्यता, नसण्यापेक्षा अधिक आहे का? तीनात एक ही शक्यता निम्म्याहून कमी आहे. या कसोटीवर पंधराही दावे फेटाळले जातील, आणि पाच माणसांचे नुकसान नक्की केलेली कंपनी एक पैसाही न देता सुटेल. यात कोणी खोटे बोलले नाही, न्यायाधीश विकला गेला नाही, वकील आळशी नव्हता. विज्ञान लोकसमूहाविषयी बोलते आणि कायदा व्यक्तीविषयी विचारतो, एवढेच घडले.

पार्कर्सबर्गच्या तडजोडीचे महत्त्व येथे आहे. प्रश्नाचा समूहाविषयीचा अर्धा भाग तिने शास्त्रज्ञांकडे सोपवला आणि त्यांचे उत्तर दोन्ही पक्षांवर बंधनकारक केले. उरलेला, व्यक्तीविषयीचा अर्धा भाग न्यायालयाकडे राहिला. ६९,००० लोकांचे रक्त नसते तर पहिला अर्धा भाग सुटलाच नसता. चित्रपटाचा खरा नायक शोधायचाच असेल तर तो त्या रांगेत आहे.

आपला कायदा : तत्त्व पुढे, पुरावा मागे

चित्रपट पाहून एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘आपल्याकडे असा कायदा कुठे आहे?’ हे खरे नाही. तत्त्वाच्या बाबतीत आपण पुढेच आहोत. चित्रपटातली सगळी धडपड ‘कंपनीला माहीत होते आणि तिने लपवले’ हे सिद्ध करण्यासाठी आहे. भारतात निदान तत्त्वतः त्याची गरज नाही. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सरन्यायाधीश भगवतींच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये ठरवून दिले, की घातक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी झालेल्या हानीची जबाबदारी त्याचीच. इंग्लंडच्या १८६८ च्या जुन्या निवाड्यातील पळवाटा आपल्या न्यायालयाने नाकारल्या.

पुढे १९९६ साली राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा निकाल लागला. रंगउद्योगाला लागणारे ‘एच-आम्ल’ बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला होता. सुमारे ६० विहिरींचे पाणी बिघडले, ते तांबूस झाले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने केलेली तपासणी या प्रकरणात महत्त्वाचा आधार ठरली. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व न्यायालयाने लागू केले आणि १९९७ साली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये भरण्यास सांगितले. उद्योगाने अर्जांमागून अर्ज केले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला तीच रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. त्याच १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की आपला उद्योग निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार उद्योजकावर आहे.

इतकी भक्कम तत्त्वे असताना अडते कोठे? बिछडीच्या विहिरींना रंग होता. गावकऱ्याने पोहरा वर काढला की पुरावा हाती येत असे. सी-८ ला रंग, वास, चव काहीच नाही. सांडपाणी सोडताना कारखान्यांना नेहमी ज्या चाचण्या कराव्या लागतात, त्यांतही ते सापडणार नाही. बीओडी चाचणीत जिवाणू सेंद्रिय द्रव्य खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजतात. हे द्रव्य जिवाणू खातच नाहीत. सीओडी चाचणीत डायक्रोमेटने ऑक्सिडीकरण करतात; ज्याचे ऑक्सिडीकरण होत नाही ते या चाचणीला दिसणार कसे? शाळांना आणि ग्रामपंचायतींना पाणी तपासायला मिळणाऱ्या पेटीत सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह यांच्या चाचण्या असतात. येथे फ्लोराइड या नावावर विद्यार्थी हमखास फसतो. ती चाचणी सुट्या फ्लोराइड आयनाची आहे. कार्बनला घट्ट धरून बसलेला फ्लोरीन तिला दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात डीडीटी, एंडोसल्फान यांच्या मर्यादा आहेत, पीएफओएची नाही. भारताने २००६ साली स्टॉकहोम करार मान्य केला. पीएफओए त्या कराराच्या यादीत २०१९ साली आले. पण आपल्या २०१८ च्या नियमांनी ज्या सात रसायनांवर बंदी घातली, त्यांत या कुळातले एकही नाही.

तारखेची अडचण

याहून खोल अडचण कालगणनेची आहे. आपला पर्यावरण-दायित्वाचा कायदा भोपाळच्या (डिसेंबर १९८४) सावलीत घडला. भोपाळला तारीख होती, वेळ होती, वारा कोणत्या दिशेने वाहत होता हेही माहीत होते. त्यामुळे कायद्याच्या डोळ्यासमोर ‘अपघात’ राहिला. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा अपघातासाठी आहे. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही दोष सिद्ध न करता भरपाई देण्याचे कलम ‘अपघात झाल्यास’ या शब्दांनी बांधलेले आहे. अपघाताच्या व्याख्येत दीर्घकाळ किंवा वारंवार संपर्क येण्याचा उल्लेख आहे. पण मुळाशी आकस्मिक, अचानक किंवा अनपेक्षित अशी एखादी घटना लागते. परवानगी घेऊन, रोज, ठरल्या नळीतून बाहेर पडणारे थेंब ही कोणती घटना?

त्याच कायद्यानुसार, भरपाईचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळतात. ‘प्रथम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाणी १९९५ साली दूषित झाले आणि रोग २०१५ साली कळला, तर कारण प्रथम केव्हा उद्भवले? हानी अजून चालूच आहे असा युक्तिवाद वकील करू शकतो, पण तो करावा लागतो आणि न्यायाधिकरणाला पटावा लागतो. अमेरिकेने १९८६ सालीच घातक द्रव्यांच्या दाव्यांसाठी दुरुस्ती केली : मुदत मोजायची ती हानी आणि तिचे कारण कळल्यापासून, किंवा ते कळायला हवे होते तेव्हापासून. ती दुरुस्ती नसती तर पार्कर्सबर्गसारखे दावे उंबरठ्यावरच अडण्याची भीती होती.

दरम्यान पुरावाही झिजतो. सी-८ निसर्गात टिकत असले तरी माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण हळूहळू उतरते. त्याचा अर्धायुकाल दोन ते चार वर्षांचा आढळला आहे. तीन वर्षे धरू. दूषित पाणी बंद झाल्यावर रक्तातले प्रमाण तीन वर्षांत निम्मे, सहा वर्षांत पाव, अठरा वर्षांत चौसष्टावा भाग. म्हणजे रोग वाढत असताना त्याचा साक्षीदार शरीरातून निघून जात असतो. वेळेवर रक्त तपासून नोंद केली नाही, तर नंतर कितीही हुशार वकील आला तरी त्याच्या हाती काही लागणार नाही.

विचेन्झा ते लोटे

हा प्रश्न परका वाटत असेल तर महाराष्ट्राचा नकाशा काढावा. इटलीत विचेन्झा प्रांतातील त्रिस्सिनो येथे मिटेनी कंपनीचा पीएफएएसचा कारखाना होता. २०१३ साली तेथील भूजल दूषित असल्याचे उघड झाले. ३ लाखांहून अधिक लोक बाधित क्षेत्रात राहत होते. प्रादेशिक सरकारने लोकांचे रक्त तपासले. मुलांच्या रक्तातले आकडे हाती आल्यावर आया रस्त्यावर आल्या, संघटित झाल्या. २०१८ साली कंपनीचे दिवाळे निघाले. २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने या कारखान्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सर्व शिक्षांची बेरीज १४१ वर्षे, सर्वांत मोठी शिक्षा १७ वर्षांहून अधिक कैदेची. निकाल पहिल्या पायरीचा आहे. पण कागदावरच्या मर्यादांऐवजी रक्तातले आकडे न्यायालयापुढे आले की काय होते, ते त्यातून दिसते.

मिटेनीची यंत्रसामग्री आणि पेटंटे २०१९ साली लिलावात मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या कंपनीच्या उपकंपनीने घेतली. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथे ती उभारण्याची योजना कंपनीने २०२१ सालच्या आपल्या भागविक्रीच्या माहितीपत्रकात मांडली होती. जुनी यंत्रे विकत घेणे हा गुन्हा नाही, आणि विचेन्झातील दोष मिटेनीशी संबंधित अधिकाऱ्यांचा ठरला, यंत्रे घेणाऱ्यांचा नव्हे. म्हणून आरोप करण्याची घाई नको. पण लोटे औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी दाभोळ खाडीत जाते, तेथील मच्छीमार वर्षानुवर्षे मेलेल्या माशांची तक्रार करत आले आहेत, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटानेही २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतली होती. अशा ठिकाणी जे काम पहिल्या दिवशी व्हायला हवे ते म्हणजे आरंभीची नोंद : खाडीचे पाणी, गाळ, मासे, विहिरी आणि स्वेच्छेने देणाऱ्या रहिवाशांचे रक्त. वीस वर्षांनी हानी झाल्याचे आढळले तर ही नोंद गावाच्या उपयोगी पडेल. हानी झालीच नाही तर तीच नोंद कारखान्याला निर्दोष ठरवील. प्रामाणिक उद्योगाला यात भिण्यासारखे काही नाही.

शिक्षेच्या बाबतीत आपण उलट्या दिशेला निघालो आहोत, हेही नोंदवायला हवे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाबद्दलची थेट कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. कैदेने पाणी शुद्ध होत नाही, हे मान्य. पण १५ लाख ही रक्कम मोठ्या कारखान्याच्या खर्चाच्या वहीत कोणत्या ओळीत बसेल, याचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावा.

वर्गासाठी

छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षकांना या चर्चेसाठी लागणारे सर्व साहित्य शहरातच आहे. आपण पितो ते पाणी पैठणच्या नाथसागराचे. जलाशयाचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. अमेरिकेने २०२४ साली पिण्याच्या पाण्यातील पीएफओएची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. या हिशेबाने १ ग्रॅम द्रव्य २५ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणते. मग भरलेल्या जिवंत साठ्याला किती लागेल? उत्तर येते ८,६८४ ग्रॅम, म्हणजे पावणेनऊ किलोलाही थोडे कमी. एका पिशवीत मावणारा पदार्थ! ‘एवढ्या मोठ्या धरणात थोडेसे गेले तर काय होते’ हे वाक्य विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. त्याचे उत्तर त्यांना स्वतः गुणाकार करून मिळू द्यावे.

दुसरा पाठ अर्धायुकालाचा. एका तक्त्यात रक्तातील उरलेले प्रमाण आणि शेजारच्या रकान्यात दावा करण्याची मुदत मांडावी. पाचव्या वर्षी पुरावा किती उरतो आणि मुदत किती उरते, हे एकाच ओळीत दिसेल.

तिसरा पाठ अकरावी-बारावीसाठी, अभिरूप न्यायालयाचा. शहरात १९८४ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. एखाद्या ज्येष्ठ वकिलाला शाळेत बोलावून पंधरा रोग्यांचा खटला चालवावा. पंधरा जणांना मिळून पाच जणांची भरपाई वाटून द्यावी का? ज्याने पाणी दूषित केले त्यानेच ‘माझ्यामुळे नाही’ हे सिद्ध करावे का? कंपनीचे दिवाळे निघाले तर कोणी भरावे? या प्रश्नांची छापील उत्तरे नाहीत, आणि शिक्षकाने ती देण्याची घाई करू नये.

चौथी गोष्ट पाठ नव्हे, सवय आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहतींच्या परिसरातल्या शाळांनी आपल्या विहिरीचा किंवा बोअरचा इतिहास लिहून ठेवावा : खोली, पाण्याची पातळी, रंग, फेस, उपलब्ध चाचण्यांचे आकडे, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख. शाळेच्या पेटीत सी-८ सापडणार नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. पण उद्या एखाद्या प्रयोगशाळेने नमुना तपासला, तर त्या आकड्याच्या मागे उभी राहील अशी अखंड नोंदवही तिथे असेल.

‘डार्क वॉटर्स’ एक चांगला चित्रपट आहे. त्याने एका माणसाच्या चिकाटीचे चित्र प्रामाणिकपणे रंगवले आहे. पण त्यातून विद्यार्थ्यांनी बिलॉटची वाट पाहायला शिकू नये. टेनंटसारखी नोंद ठेवायला, त्या ६९,००० लोकांसारखे रांगेत उभे राहायला, आणि पाच वर्षांची मुदत केव्हापासून मोजायची हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला शिकावे. या तिन्ही गोष्टी कोणत्याही गावात करता येण्यासारख्या आहेत.